फुस्स आवाज येतोय, पण रिंगा शाबूत आहेत

टू-स्ट्रोक डर्ट बाइकला किक मारली, पाय अलगद खाली गेला, हेडकडून (सिलिंडरच्या वरच्या झाकणाकडून) ‘फुस्स’ असा आवाज आला आणि इंजिन काही उठलं नाही. अशा वेळी गॅरेजात हमखास ऐकू येतं ते, ‘रिंगा गेल्या, बोअर करून घ्या,’ म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडर आतून कातून नवा पिस्टन घाला. कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत कोंडणारा दाब) कमी झालंय हे निदान बरोबरच असतं. चूक होते ती पुढच्या पायरीवर. कॉम्प्रेशन रिंगांच्या कडेने खाली जाऊ शकतं, तसंच हेडमधून वरही जाऊ शकतं. साडेतीनशे-चारशे सीसीच्या अनेक जुन्या सिंगल सिलिंडर गाड्यांवर स्पार्क प्लगच्या शेजारी आणखी एक भोक असतं आणि त्यात डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह, म्हणजे किक हलकी जावी म्हणून आतला दाब सोडणारा व्हॉल्व्ह, बसवलेला असतो. तो गळत असेल तर नवा पिस्टन घातला तरी किक तशीच पोकळ लागणार.

पुण्यात आरएक्स १०० वर हात बसलेल्यांना हा भाग सहसा ठाऊक नसतो, कारण शंभर सीसीला त्याची गरजच पडत नाही. जुन्या बुलेटवाल्यांना डीकॉम्प्रेसर माहीत असतो, पण तिथे तो लिव्हर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच जरासा उचलतो. अशा टू-स्ट्रोकमध्ये उचलायला व्हॉल्व्हच नाही, सिलिंडरच्या भिंतीत नुसते पोर्ट, म्हणजे भोकं, असतात. म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह वेगळा लावावा लागतो. एक बारीक दांडी, तिच्या खालच्या टोकाला छत्रीसारखं डोकं, डोक्याच्या कडेला तिरका फेस (तो जिथे घट्ट टेकतो ती सीट), आणि दांडी वर ओढून धरणारी स्प्रिंग. हँडलवरचा लिव्हर दाबला की केबलमुळे दांडी खाली ढकलली जाते, डोकं ज्वलनकक्षात उतरतं आणि दाबलेली हवा बाजूच्या नळीतून बाहेर पडते. काही इंजिनांत ती एक्झॉस्ट पोर्टात सोडलेली असते.

डोकं आतल्या बाजूला उघडतं, यातच खरी करामत आहे. आतला दाबच व्हॉल्व्ह मिटवतो. डोकं ८ मिमी व्यासाचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर. किक मारताना आत ८ बार (हवेच्या दाबाच्या साधारण आठपट) दाब झाला की व्हॉल्व्ह सीटवर साधारण ४ किलोच्या जोराने दाबला जातो, आणि स्फोटाच्या वेळी ४० बार झाला की २० किलोच्या. स्प्रिंगचं काम एवढंच, की दाब नसताना व्हॉल्व्ह जागेवर राहावा.

इतक्या जोराने दाबला जाणारा व्हॉल्व्ह गळतो कसा? फेस आणि सीट यांच्यात टू-स्ट्रोक ऑइलच्या कार्बनचा एक टणक कण अडकला की पुरे. केसाएवढा, म्हणजे ०.१ मिमी जाडीचा कण घ्या. ८ मिमी डोक्याचा परीघ २५ मिमी. व्हॉल्व्ह एकाच बाजूने उचलला गेला आणि फेसचा तिरकेपणाही हिशेबात धरला, तरी उघडी फट होते सुमारे ०.९ चौरस मिमी. हेडला १ मिमीच्या ड्रिलने भोक पाडल्यासारखंच हे झालं!

आता या भोकातून हवा किती वेगाने जाते ते पाहू. कुकरची शिट्टी उचलली जाते तेव्हा आतला दाब बाहेरच्या साधारण दुप्पट असतो. वायूंची एक खासियत आहे: आतला दाब बाहेरच्या जवळपास दुप्पट झाला की भोकाच्या सर्वांत अरुंद जागी वायूचा वेग ध्वनीच्या वेगाइतका होतो आणि तिथेच थांबतो. त्यापुढे बाहेरचा दाब कितीही कमी करा, प्रवाह वाढत नाही. सां-व्हेनां आणि वान्त्झेल या फ्रेंच संशोधकांनी १८३९ मध्येच हे मांडलं होतं. प्रवाह वाढवायचा तर आतला दाब वाढवायला हवा किंवा भोक मोठं करायला हवं. आपल्या इंजिनात पिस्टन वर येताना दाब दुपटीच्या पुढे लवकरच जातो. म्हणून किती वायू निसटणार हे तीन गोष्टींवर ठरतं: भोक केवढं, आतला दाब किती आणि वेळ किती मिळाला.

या तिघांत वेळ सर्वांत मोलाचा. चांगल्या किकने क्रँक मिनिटाला साधारण ५०० फेऱ्यांच्या वेगाने फिरतो. एक्झॉस्ट पोर्ट मिटल्यापासून पिस्टन माथ्यावर पोचेपर्यंत साधारण पाव फेरी होते, म्हणजे ३० मिलिसेकंद. साडेतीनशे सीसीच्या इंजिनात १ मिमीच्या भोकातून तेवढ्या वेळात कोंडलेल्या मिश्रणाचा ढोबळ हिशेबाने दहावा हिस्सा निघून जातो. किक सुस्त असेल तर त्याहून जास्त. तेच इंजिन ६००० आरपीएमवर असताना पाव फेरीला लागतात फक्त अडीच मिलिसेकंद. बारा पट कमी वेळ, त्यामुळे गळती एका टक्क्याच्या आसपास. म्हणूनच अशी गाडी किकला दाद देत नाही, उतारावर ढकलून मात्र सुरू होते आणि वरच्या आरपीएमला झकास पळते. सुरू झाल्यावर ती इतकी छान पळते, की कुणाचाही व्हॉल्व्हवर संशय जात नाही.

पण पळत असतानाच खरं नुकसान होत असतं. जळत्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सियसच्या वर जातं आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही हेड टिकतं, कारण भिंतीला वायूचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटलेला असतो आणि भिंतीत शिरलेली उष्णता फिन्समधून, म्हणजे बाहेरच्या पात्यांमधून, निघून जाते. फटीत या दोन्ही गोष्टी नसतात. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर असतो, आणि त्या वेगाने जाणारा झोत तो थर खरवडून टाकतो. व्हॉल्व्हच्या डोक्याची उष्णता सीटला टेकूनच बाहेर जाते. जिथे टेकलेलं नाही तिथे तिला वाटच नाही. म्हणजे जी जागा सर्वांत जास्त तापते तिचंच थंड होणं बंद पडतं. धातू तिथे कुरतडला जातो, फट रुंदावते, वायू आणखी जातो. व्हॉल्व्ह काढून फेसवर बोट फिरवा आणि उजेडात धरा: चांगल्या फेसवर सलग करडं कडं दिसतं, गळक्या फेसवर ते कडं कापून बाहेर गेलेली काळपट तपकिरी रेघ दिसते. रेघेत नख अडकलं तर फार दिवस दुर्लक्ष झालंय असं समजा.

‘कॉम्प्रेशन परत आणणाऱ्या’ ज्या बाटल्या विकल्या जातात, त्यांच्या नादी लागू नका. कुरतडलेला धातू कुठलंही द्रव भरून काढत नाही, आणि टू-स्ट्रोकमध्ये तर ते द्रव जळून त्याच सीटवर नवा कार्बन बसवतं. आणखी एक गैरसमज: या गळतीने मिश्रण लीन होऊन (त्यात पेट्रोल कमी पडून) इंजिन जाम होतं. ती गळती वेगळी. ती क्रँक सीलमधून किंवा कार्बोरेटरच्या रबरापाशी, पिस्टनच्या खालच्या बाजूला होते. इथली गळती पिस्टनच्या वर आहे.

तपासणी केबलपासून सुरू करा, कारण पुष्कळदा दोष तिथेच निघतो. लिव्हरच्या टोकाला २-३ मिमी ढिलाई हवी. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. एका बाजूला ढिलाई संपत असेल तर वळताना केबल ताणून व्हॉल्व्ह उघडा धरते. पावसाळ्यात मुळशीच्या चिखलातून आलेल्या गाडीची केबल आत गंजते आणि लिव्हर सोडला तरी मागे जात नाही. केबल सोडवून किक मारा. फुस्स थांबलं तर काम झालं.

थांबलं नाही तर व्हॉल्व्हच्या नळीला रबरी ट्यूब लावून दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि किक हाताने सावकाश दाबा. बुडबुडे आले तर सीट गळतेय. मग ट्यूब लगेच काढा, नाहीतर पिस्टन खाली येताना पाणी आत ओढलं जाईल. व्हॉल्व्हच्या बुडाशी, जिथे तो हेडमध्ये आवळला जातो, तिथे साबणाचं पाणी ब्रशने लावा. साबणाचे बुडबुडे आले तर वॉशर किंवा आटे गळताहेत. दोन्ही ठिकाणी काही नसेल तरच रिंगांकडे वळा. कॉम्प्रेशन मोजायला गेज लावलं असेल तर पुण्याची उंचीही धरा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहोत आणि हवेचा दाब सहा-सात टक्के कमी. मुंबईत १५० पीएसआय दाखवणारं इंजिन इथे १४० दाखवेल, आणि तेवढ्यावरून बोअर करायचं कारण नाही.

सीट गळत असेल तर थंड इंजिनवर व्हॉल्व्ह काढा. काही व्हॉल्व्ह कायमचे दाबून बंद केलेले असतात, ते बदलावेच लागतात. खोलता येणाऱ्याची स्प्रिंग काढा, कार्बन रॉकेलमध्ये भिजवून लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडा. फेसवर बारीक ग्राइंडिंग पेस्टचे तीन-चार ठिपके लावा, दांडीला घट्ट रबरी नळी चढवा आणि ती दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळताना रवी फिरते तशी मागे-पुढे फिरवा. आठ-दहा फेऱ्यांनी व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून पुन्हा टेकवा. सगळीकडे सारखं, साधारण १ मिमी रुंदीचं करडं कडं उमटलं की थांबा. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसतो. पेस्टचा कणही उरता कामा नये, तो सिलिंडरची आतली भिंत खाईल. जोडल्यावर डोकं वर करून धरा आणि वर थोडं रॉकेल ओता. पाच मिनिटांत नळीतून थेंब आला नाही तर काम पक्कं.

वॉशर तांब्याचा असेल तर नवा घ्या, नाहीतर जुना लाल होईपर्यंत तापवा. आवळून-आवळून तांबं कडक होतं, तापवल्यावर पुन्हा मऊ पडतं. ‘पाण्यात बुडवला म्हणून मऊ झाला’ हे मात्र खरं नाही. पाण्याने फक्त वरची काळी पापडी सुटते. १४ मिमीचा आटा असेल तर स्पार्क प्लगइतकंच, २० ते २५ न्यूटन-मीटर आवळा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, जास्त जोर लावला तर आटेच हातात येतील. आणि उतारावर इग्निशन चालू ठेवून लिव्हर दाबायची सवय असेल तर सोडा. जळता वायू उघड्या सीटवरून जातो आणि घासलेला फेस पुन्हा कुरतडला जातो.

सीटच खाल्ली गेली असेल आणि नवा व्हॉल्व्ह मिळत नसेल, तर भोक ठोस प्लगने बंद करता येतं. प्लगची लांबी मोजून घ्या. लांब झाला तर आत आलेले आटे तापून ठिणगीआधीच मिश्रण पेटवतात, कधी पिस्टनच त्यावर आदळतो. आखूड झाला तर तिथे पोकळी राहते: १४ मिमीच्या भोकात १० मिमी खोली म्हणजे दीड घन सेंटिमीटर, आणि ज्वलनकक्ष जेमतेम ३० घन सेंटिमीटरचा असेल तर कॉम्प्रेशन तेवढ्यानेही उतरतं.