फुंकणी आली आणि काच स्वस्त झाली

फुंकणी म्हणजे वितळलेल्या काचेच्या गोळ्यात हवा फुंकायची नळी. ती येण्याआधी हजार-दीड हजार वर्षे काचेची भांडी होतच होती. इजिप्तमध्ये सळईच्या टोकाला माती-शेणाचा गाभा बसवून त्यावर वितळलेली काच गुंडाळत आणि निवल्यावर गाभा खरवडून काढत. इतक्या खटाटोपातून निघायची अत्तराची कुपी. साहजिकच ती श्रीमंतांची चीज.

जेरुसलेमच्या उत्खननात इ.स.पू. पहिल्या शतकातला कारखान्याचा टाकाऊ माल सापडला. त्यात काचेच्याच नळ्या आहेत, काहींचे टोक फुगवलेले. म्हणजे सुरुवातीची फुंकणी लोखंडाची नव्हतीच. पण काचेच्या नळीवर लहानशी बाटलीच पेलते. मोठ्या गोळ्यासाठी लोखंडी नळी यावी लागली. ती आली आणि रोमन साम्राज्यात काचेचा पेला सामान्यांच्या घरात पोचला.

हातकामाची फुंकणी आजही सव्वा-दीड मीटरचीच असते. टोक आधी तापवतात, नाहीतर काच धरत नाही. सुमारे 1100 अंश सेल्सिअसच्या रसातून गोळा उचलला की फिरवणे थांबवायचे नाही. थांबलात की गोळा ओघळतो, एक बाजू जाड, दुसरी पातळ. मग तो पाण्यात भिजवलेल्या लाकडी वाटीत घोळवायचा. काच आणि लाकूड यांच्यामध्ये वाफेचा थर राहतो, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत येतो. वाटी सुकली की लाकूड जळते आणि काचेवर चरे उठतात. हवा फुंकून नळीचे तोंड अंगठ्याने दाबले, की कोंडलेली हवा तापून फुगा आपोआप वाढतो.

नवशिक्याचा माल फुटतो तो बहुधा पुढच्या टप्प्यात. भांड्याचे तोंड घडवायचे तर तळाला दुसरी, भरीव सळई गरम काचेच्या ठिपक्याने चिकटवून भांडे फुंकणीपासून सोडवावे लागते. त्यासाठी लांब चिमट्याने मान आधीच आवळलेली असते. तिथे पाण्याचा थेंब आणि हलकी टिचकी पुरते. सळईवरची काच फार गरम असेल तर ती तळाला कायमची जडते, फार थंड असेल तर भांडे जमिनीवर. शेवटी 500 अंशांच्या आसपासच्या भट्टीत ठेवून ते सावकाश निववायचे. घाई केली तर आत ताण राहतो आणि भांडे कधीकधी दुसऱ्या दिवशी, कोणी हात न लावता तडकते.

भट्ट्यांमुळे आग लागण्याची भीती, म्हणून व्हेनिसने 1291 मध्ये काचकारांना मुरानो बेटावर हलवले. कसबाची गुपितेही त्यामुळे नजरेखाली राहिली. महाराष्ट्रात 1908 मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा केला होता, लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. माल काढण्याइतकेच तिथे कारागीर शिकवून तयार करण्याला महत्त्व होते. तेच योग्य होते: भट्टी पैशाने बांधता येते, फुंकणारा हात नाही.