जहाज चालू लागलं की खोली का घटते?

नकाशात खाडीची खोली 12 मीटर लिहिलेली आहे आणि टँकर पाण्याखाली 10.5 मीटर आहे, म्हणजे बुडाखाली दीड मीटर पाणी शिल्लक. हा हिशेब जहाज धक्क्याला बांधलेलं असेपर्यंतच खरा. ते चालू लागलं की हे दीड मीटर आटायला लागतं आणि किती आटेल, हे मुख्यतः वेगावर ठरतं.

पुढे सरकणारं जहाज समोरचं पाणी बाजूला सारतं. खोल समुद्रात त्या पाण्याला खालून आणि बाजूंनी भरपूर वाट असते. उथळ पाण्यात बूड आणि तळ यांच्यातली फट अरुंद असल्यामुळे पाण्याला तिथून वेगाने निसटावं लागतं. वाहत्या पाण्याचा वेग वाढला की दाब उतरतो, हा बर्नुलीचा नियम. जहाजाला खालून उचलून धरणारा दाबच कमी पडला की अख्खं जहाज खाली बसतं. यालाच ‘स्क्वॉट’ म्हणतात.

अंदाजासाठी जहाजतज्ज्ञ बॅरास यांचं सूत्र वापरतात. नॉटमधल्या (1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) वेगाचा वर्ग घ्यायचा, त्याला ब्लॉक गुणांकाने गुणायचं आणि 100 ने भागायचं. उत्तर मीटरमध्ये येतं. ब्लॉक गुणांक म्हणजे जहाजाचा पाण्याखालचा भाग तेवढ्याच लांबी-रुंदी-खोलीच्या चौकोनी ठोकळ्याचा किती हिस्सा व्यापतो ते. टँकरसाठी हा साधारण 0.8 असतो. 10 नॉटला उघड्या उथळ पाण्यात उत्तर येतं 0.8 मीटर. दोन्ही बाजूंना काठ असलेल्या अरुंद जलमार्गात 100 ऐवजी 50 ने भागायचं, म्हणजे 1.6 मीटर. आपलं दीड मीटर तिथेच संपलं! तेच जहाज 6 नॉटवर आणलं तर अरुंद मार्गातही ते 0.58 मीटरच बसतं. वेगाचा वर्ग घेतला जातो, म्हणून थोडा वेग कमी करूनही मोठा फरक पडतो. उथळ पाण्यात यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.

पण खोली खाणारा स्क्वॉट एकटाच नसतो. 30 मीटर रुंदीचं जहाज वळताना फक्त 2 अंश कललं, तरी त्याची एक कड जवळजवळ अर्धा मीटर खाली जाते. समुद्रातून नदीच्या गोड्या पाण्यात शिरलं की पाण्याची घनता 1025 वरून 1000 किलो प्रति घनमीटरवर येते आणि जहाज आणखी 25 सेंटिमीटरच्या आसपास बुडतं. हे सगळं एकाच वेळी जमून आलं, तर 6 नॉटलाही बुडाखाली जेमतेम वीतभर पाणी उरेल. म्हणूनच भरतीची वेळ साधून जहाज आत घेतात.

कोणतं टोक आधी टेकेल, हेही आकारावर ठरतं. समपातळीत निघालेली टँकरसारखी भरदार जहाजं पुढून जास्त बसतात, तर सडपातळ प्रवासी जहाजं मागून. ऑगस्ट 1992 मध्ये ‘क्वीन एलिझाबेथ 2’ हे प्रवासी जहाज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ, कटिहंक बेटापाशी, नकाशात नसलेल्या खडकावर घासलं. वेगामुळे जहाज किती बसेल याची पुरेशी माहिती चालवणाऱ्यांकडे नव्हती, हे चौकशीत पुढे आलं.

स्क्वॉट वाढत असल्याची लक्षणं डेकवरून कळतात. इंजिनाचा जोर तोच असूनही वेग पडतो, जहाज थरथरतं, मागे गढूळ पाणी उसळतं, सुकाणू उशिरा दाद देतं आणि वळायला जास्त जागा लागते. अशा वेळी इंजिन एकदम बंद करणं चुकीचं. जहाजाच्या मागोमाग येणारी लाट त्याला गाठून आडवं ढकलते आणि जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा झोत थांबल्याने सुकाणूही निकामी होतं. वेग टप्प्याटप्प्यानेच उतरवावा. शिवाय इंजिन थंड ठेवणारं पाणी बुडालगतच्या तोंडाऐवजी बाजूच्या वरच्या तोंडातून घ्यावं, नाहीतर वाळू ओढली जाऊन गाळण्या तुंबतात.

मुळात खोली मोजणंच इथे किचकट आहे. मल्टिबीम सोनार, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, 120 अंशांच्या पंख्यासारखे ध्वनिझोत सोडतं. सोनारखाली 100 मीटर पाणी असेल तर एका फेरीत सुमारे 350 मीटर रुंद पट्टा मोजून होतो, 4 मीटर असेल तर जेमतेम 14 मीटर. त्यात शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या, म्हणजे उथळ भागाच्या मोजणीला कितीतरी जास्त फेऱ्या लागतात. दुसरी अडचण ध्वनीच्या वेगाची. 25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1497 मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात 1534. नदीच्या मुखाशी गोडं पाणी वर आणि खारं खाली असतं. चुकीचा वेग धरला तर 10 मीटर खोलीत पाव मीटरची चूक होते. म्हणून ध्वनिवेग मोजणारं यंत्र तळापर्यंत सोडून पाहतात आणि भरती-ओहोटी पालटली की पुन्हा मोजतात. सोनारखाली धातूची पट्टी मोजलेल्या खोलीवर धरून उत्तर जुळतं का, हेही तपासतात.

आणि जिथे गाळच द्रवासारखा पातळ असतो, तिथे ‘तळ’ नेमका कुठे धरायचा? 200 किलोहर्ट्झचा ध्वनी अशा गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, 30 किलोहर्ट्झच्या आसपासचा बराच आत शिरून घट्ट थरावरून. एकाच जागी खोलीचे दोन आकडे मिळतात आणि दोन्ही बरोबर असतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराने यावर तोडगा काढला: गाळाची घनता 1200 किलो प्रति घनमीटर होते, तो जहाजांसाठीचा तळ. त्यासाठी घनतामापक तारेला बांधून गाळात सोडतात. त्यापेक्षा पातळ गाळातून बूड गेलं तरी जहाजाला इजा होत नाही. मात्र पाणी आणि गाळाच्या सीमेवर, वरून न दिसणाऱ्या लाटा उठतात. त्या पंख्याकडे आणि सुकाणूकडे जाणारा प्रवाह बिघडवतात, त्यामुळे बूड कुठेही घासलेलं नसताना जहाज सुकाणूला नीट दाद देत नाही.