नभोवाणीवरील गाण्यांचा वेगबदल

मूळ ध्वनिमुद्रण ज्या वेगाने झाले असेल, त्याहून किंचित जलद किंवा संथ वेगाने गाणे प्रक्षेपित करण्याच्या नभोवाणी केंद्रांच्या प्रथेस वेगबदल म्हणता येईल. प्रत्यक्षात ही बहुधा वेगवाढच असते आणि ती साधारणतः २ ते ३ टक्क्यांच्या आत ठेवली जाते, कारण त्यापुढे ओळखीच्या गायकाचा आवाज परका वाटू लागतो.

तबकडी वा फीत जलद फिरली की लय आणि सूर दोन्ही एकदमच चढतात. पेटीवरील काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांच्या कंपनसंख्येत सुमारे ५.९५ टक्क्यांचे अंतर असते, म्हणून ३ टक्के वेगवाढीने गाणे जवळपास अर्धी पट्टी वर सरकते. काळी एकमध्ये गायलेले गाणे मग काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध येऊन थांबते, आणि सदाशिव पेठेतल्या घरी रेडिओसमोर पेटी घेऊन चाल बसवणाऱ्याला तो सूर कोणत्याच पट्टीवर सापडत नाही. अर्थात एवढ्यावरून केंद्राला दोष देता येत नाही, कारण पेटीच उतरलेली असू शकते.

ही प्रथा विशेषतः १९६० व १९७० च्या दशकांत अमेरिकेतील लोकप्रिय गाणी वाजवणाऱ्या एएम (मध्यम लहरींवरील) केंद्रांवर रूढ होती. चार मिनिटांचे गाणे ३ टक्के जलद वाजवले तर सात सेकंद वाचतात. तासाला बारा गाणी धरल्यास ही बचत सुमारे ८४ सेकंदांची, म्हणजे तीस सेकंदांच्या जवळजवळ तीन जाहिरातींची होते. तथापि याहून प्रबळ कारण स्पर्धेचे असावे : तेच गाणे एका केंद्रावर थोडे जलद ऐकल्यावर दुसऱ्या केंद्रावर ते मरगळलेले वाटते. त्यासाठी तबकडी फिरवणाऱ्या मोटरच्या दांड्यावर चिकटपट्टीचे वेढे देऊन त्याचा व्यास वाढवण्यासारखे घरगुती उपायही केले जात. पुढे टेक्निक्सच्या १९७९ मधील एसएल-१२०० एमके२ या तबकडीवादकावर वेग ८ टक्क्यांपर्यंत वरखाली करणारी सरकपट्टीच आली.

पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि विविध भारतीवरील जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून प्रसारित होऊ लागल्या. येथेही सेकंदांना मोल आले. मात्र बातम्यांची वेळ झाली की गाणे मध्येच विरवत नेणे, हीच वेळ साधण्याची रीत श्रोत्यांच्या अधिक परिचयाची आहे. पडद्यावरच्या गाण्यांचे निराळे होते. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पाल या जुन्या ॲनालॉग पद्धतीच्या दूरचित्रवाणीवर २५ चौकटींनी दाखवला की तो सुमारे ४.२ टक्के जलद होतो, अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि त्यातली गाणी पाऊण पट्टीच्या आसपास चढतात.

जुन्या तबकड्यांबाबत ‘मूळ वेग’ हाच वादाचा विषय ठरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी ध्वनिमुद्रणाचा वेग ठरलेला नव्हता. मिनिटाला ७८ फेऱ्यांचे प्रमाण नंतर स्थिरावले. त्यामुळे जुन्या बाजारात मिळालेली त्या काळातील ख्यालाची तबकडी ७८ वर वाजवली आणि गायकाचा आवाज अनैसर्गिक उंच लागला, तर वेग कमी करणे ही दुरुस्तीच होय. यंत्राचा वेग तपासण्यासाठी ७७ रेघांची चकती वापरतात : आपल्याकडील सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेच्या दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसल्या, तर वेग मिनिटाला ७७.९२ फेरे असतो.

लय आणि सूर वेगळे करण्याचा एक मार्ग बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन व गोल्डन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या फेज व्होकोडर या, ध्वनीचे पृथक्करण करून तो पुन्हा जुळवण्याच्या तंत्रामुळे खुला झाला. आता संगणकावर पट्टी तशीच ठेवून गाणे आखूड करता येते आणि पेटीची कसोटी निरुपयोगी ठरते. प्रक्रिया ढोबळ असेल तर तबल्याकडे कान द्यावा : चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ ठसठशीत न वाजता फिसकटतो किंवा क्षणभर दुहेरी ऐकू येतो.