इंडक्शन शेगडी आणि ओव्हन

इंडक्शन शेगडी : विजेवर चालणारी, पण स्वतः न तापता भांडे तापवणारी शेगडी. हिच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे सपाट वेटोळे असते. घरात येणारी ५० हर्ट्‌झची वीज आतल्या मंडलात २०,००० हर्ट्‌झपेक्षा अधिक वारंवारतेची होऊन या वेटोळ्यातून वाहते. तिच्यामुळे सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्या क्षेत्रात ठेवलेल्या भांड्याच्या बुडात आवर्त प्रवाह फिरू लागतात आणि धातूच्या रोधामुळे बूडच तापते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत वीज वाहू लागण्यावर, ही शेगडी चालते. घरगुती स्वरूपात ती अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभी आणली. आज पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांपासून गॅस सिलिंडरला जोड म्हणून वापरणाऱ्या कुटुंबांपर्यंत ती सगळीकडे दिसते.

गॅसची बरीचशी आच भांड्याच्या कडेने हवेत निघून जाते. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के ऊर्जा भांड्यात उतरते. १,८०० वॅटवर लिटरभर पाणी साडेतीन-चार मिनिटांत उकळते. उष्णता थेट भांड्यात तयार होते, ही गोष्ट नीट ध्यानात आली की वापराचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

पहिला प्रश्न भांड्याचा. बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला तर भांडे चालेल. बिडाचा तवा, लोखंडी कढई, इनॅमलचे पातेले ही उत्तम. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ, माती आणि काच चालत नाहीत. स्टीलच्या बाबतीत मात्र फसगत होते. निकेलयुक्त स्टीलला चुंबक नीट धरत नाही, म्हणून घरातली निम्मी पातेली बाद ठरू शकतात. भांडी घ्यायला जाताना खिशात चुंबक ठेवावा, हे ‘इंडक्शन बेस’च्या छापील खुणेपेक्षा भरवशाचे. बूड सपाटही हवे. खोलगट कढई काचेवर जेमतेम टेकते, आणि फोडणीच्या कढल्यासारखे लहान बुडाचे भांडे तर शेगडी ओळखतच नाही. ॲल्युमिनियमचा जुना कुकर वापरता येत नाही. चुंबकीय बुडाच्या कुकरमध्ये वाफ लवकर धरते, त्यामुळे पहिल्या शिट्टीनंतर वॅट उतरवावेत. थरांच्या बुडाची भांडी मोठ्या वॅटवर गुणगुणतात, त्यात काही बिघाड नाही.

दुसरी गोष्ट विजेच्या जोडणीची. २,००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेते. तिला अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे सॉकेटच लागते. मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेंशन बोर्डवर ती लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. पूर्ण क्षमतेवर अर्धा तास चालली की एक युनिट वीज जाते.

सर्वांत जास्त हात बसवावा लागतो तो फोडणीला. गॅसवर तेल ठेवून तेवढ्यात कढीपत्ता निवडायची सवय येथे धोक्याची आहे, कारण पातळ बुडाच्या भांड्यातले दोन चमचे तेल मोठ्या वॅटवर मिनिटाच्या आत धुराला येऊ शकते आणि मोहरी तडतडण्याआधीच करपते. म्हणून जाड बुडाचे भांडे घ्यावे, सहाशे-आठशे वॅटवर सुरुवात करावी, मोहरीचे दोन दाणे टाकून पाहावेत. दाणे उडाले की उरलेली मोहरी घालावी, ती तडतडली की शेगडी बंद करून जिरे, हिंग, हळद घालावी. बुडातली उष्णता तेवढ्याला पुरते.

दुधाची अडचण वेगळी आहे. स्वस्त शेगड्या कमी वॅटवर खरोखर मंद चालत नाहीत. काही क्षण जोरात तापवतात, काही क्षण थांबतात. शांत दिसणारे दूध म्हणूनच अचानक वर येते. ‘दूध’ असे लिहिलेल्या बटणाला दूध पावशेर आहे की दोन लिटर, हे कळत नाही, तेव्हा जवळ उभे राहावे. पडद्यावरच्या तापमानाचेही तसेच : संवेदक काचेखाली असतो, त्यामुळे ‘१८०’ हा आकडा तेलाचा नसतो. पुऱ्या तळताना कणकेचा तुकडा टाकून पाहणेच योग्य.

शेगडी स्वतः तापत नसली, तरी भांड्यामुळे काच तापते आणि भांडे उचलल्यावरही चटका देते. तिच्यावर चमचे, झाकणे, फॉइल ठेवू नये. रिकामे भांडे तापत ठेवू नये. गुळाचा पाक सांडला तर शेगडी बंद करून तो जपून लगेच काढावा. थंड होऊन चिकटलेला पाक काचेला कायमचे खड्डे पाडू शकतो. काचेला तडा गेला, तर प्लग काढून वापर थांबवावा. आत पाणी शिरले तर शॉक बसू शकतो. खाली वर्तमानपत्र किंवा मेणकापड अंथरू नये, त्याने हवेची वाट बंद होते. शेगडी बंद केल्यावरही आतला पंखा थोडा वेळ फिरतो, तो थांबल्यावरच मुख्य बटण बंद करावे. झुरळे आत शिरून मंडल बिघडवतात, म्हणून ओटा कोरडा आणि स्वच्छ हवा. पेसमेकर असलेल्यांनी साधारण दोन फूट अंतर राखावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे.

अमेरिका-कॅनडात इंडक्शन शेगडी आणि ओव्हन एकाच उपकरणात येतात, त्याला तिकडे रेंज म्हणतात. ते २४० व्होल्टच्या वेगळ्या जोडणीवर चालते. ओव्हनमध्ये इंडक्शन नसते, साध्या कॉइल हवा तापवतात. त्यामुळे तेथे ॲल्युमिनियमचा साचाही चालतो, मात्र प्लॅस्टिकच्या मुठीचे भांडे चालत नाही. शेगडीचा वेग ओव्हनकडून अपेक्षू नये : आधी पूर्ण तापू द्यावा, दार वारंवार उघडू नये. ओव्हनमधला पंखा लावल्यास तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअसने कमी ठेवावे. तिकडच्या अनेक भारतीय घरांत ओव्हन कढया-तवे ठेवायचे कपाट होतो. तो सुरू करण्याआधी आत डोकावलेच पाहिजे. उघड्या दारावर मूल चढले तर अख्खी रेंज पुढे कलंडू शकते. ती भिंतीला किंवा जमिनीला धरून ठेवणारी पट्टी बसवलेली आहे का, हे घर घेतानाच पाहावे. महाराष्ट्रात ओव्हन सहसा सुटा असतो. तो आणि इंडक्शन शेगडी एकाच सॉकेटवर लावू नयेत.

ज्योत नसल्याने इंडक्शनवर पापड भाजता येत नाही, भाकरी निखाऱ्यावर फुलावी तशी फुलत नाही. फुलका तव्यावरच कापडाने दाबून फुगवता येतो. भरताचे वांगे ओव्हनमध्ये छान होते : तेलाचा हात लावून काट्याने चार ठिकाणी टोचावे, नाहीतर ते फुटते, आणि २२० अंश सेल्सिअसवर पाऊण तास ठेवावे. मध्येच एकदा उलटावे.