वादळात पांढराफटक पडलेला तत्त्वज्ञ

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली गोष्ट. इटलीतल्या ब्रुंडिसियम बंदराकडे निघालेलं एक जहाज आयोनियन समुद्रात वादळात सापडलं. प्रवाशांमध्ये ऑलस गेलियस नावाचा रोमन लेखक होता, आणि अथेन्समध्ये स्टोइक तत्त्वज्ञान, म्हणजे भावना विवेकाने हाताळायला सांगणारी प्राचीन ग्रीक विचारपद्धती, शिकवणारे एक नामांकित गुरूही होते. सगळे रडत-ओरडत असताना गेलियसची नजर खिळली होती गुरूंवर. ते ओरडत नव्हते, पण चेहरा इतरांसारखाच पांढराफटक पडला होता. समुद्र शांत झाल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने टोमणा मारलाच: मी नाही घाबरलो, आणि तुम्ही तत्त्वज्ञ असून घाबरलात?

गुरूंनी त्याला थोडक्यात गप्प केलं. गेलियसच्या हाती मात्र त्यांनी आपल्या झोळीतून एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाच्या प्रवचनांचा पाचवा खंड काढून ठेवला. हा खंड पुढे हरवला, त्यामुळे त्यातला हा उतारा आपल्याला केवळ गेलियसच्या नोंदीमुळे ठाऊक आहे. मोठा आवाज झाला, अचानक संकट कोसळलं, तर शहाण्याचंही काळीज हलतं, रंग उडतो. ही हालचाल विचाराच्या आधी होते, तिच्यावर कुणाचा ताबा नसतो, असं एपिक्टेटस तिथे म्हणतो. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. ‘हे खरोखरच भयंकर आहे’ असं मन सांगतं, तेव्हा मूर्ख लगेच मान डोलावतो. शहाणा डोलावत नाही.

हे सांगणारा माणूस स्वतः गुलाम म्हणून वाढला होता. सम्राट नीरोच्या दरबारातल्या एपाफ्रोडिटसच्या घरी तो राबला, पायाने अधू होता, पुढे मुक्त झाला, आणि सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकलल्यावर ग्रीसमधल्या निकोपोलिस इथे शाळा चालवू लागला.

आज समाजमाध्यमांवर संगमरवरी पुतळ्यांचे फोटो आणि खाली दोन ओळी, एवढंच स्टोइक तत्त्वज्ञान पोहोचतं. त्यातून समज असा होतो की स्टोइक म्हणजे दगड. काही वाटूच द्यायचं नाही. मला हा समज नुसता चुकीचा नाही, तर अपायकारक वाटतो, आणि त्याला प्रयोगशाळेतला आधार आहे.

मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी 1998मध्ये 120 जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींना हात कापण्याच्या शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. काहींना सांगितलं होतं, किळस चेहऱ्यावर अजिबात दिसू देऊ नका. काहींना सांगितलं, तटस्थपणे, तांत्रिक नजरेने बघा. उरलेल्यांनी नुसतंच बघायचं होतं. चेहरा दाबून ठेवणाऱ्यांची किळस कमी झाली नाहीच, उलट शरीरावरचा ताण वाढल्याचं मोजमापात दिसलं. नजर बदलणाऱ्यांना मात्र किळसच कमी वाटली, आणि शरीराला त्याची तशी किंमतही मोजावी लागली नाही. एपिक्टेटस शिकवत होता ते या दुसऱ्या गटाचं काम.

मेंदूत तेव्हा काय चालतं? 2002मध्ये केविन ऑक्सनर आणि सहकाऱ्यांनी 15 स्त्रियांना एमआरआय यंत्रात त्रासदायक चित्रं दाखवली आणि काही चित्रांचा अर्थ जाणीवपूर्वक वेगळा लावायला सांगितलं. त्या वेळी कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे भाग जास्त सक्रिय झाले, आणि धोक्याची दखल झटकन घेणाऱ्या अमिग्डलाची हालचाल मंदावली. पंधरा हा आकडा लहानच. पण याच धर्तीवर पुढे झालेल्या बऱ्याच प्रयोगांत साधारण हेच चित्र दिसलं. दचकणं अमिग्डलाचं, मान डोलावणं कॉर्टेक्सचं, अशी सरळ वाटणी मात्र करू नये. मेंदू इतका सोपा नाही.

उपचारांपर्यंत ही कल्पना पोहोचली ती अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञामुळे. माणसांना घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांविषयीची त्यांची मतं अस्वस्थ करतात, हे एपिक्टेटसचं म्हणणं त्यांनी 1955च्या सुमारास आपल्या पद्धतीच्या पायाशी ठेवलं, आणि श्रेयही मोकळेपणाने दिलं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांनीही 1979मध्ये आपल्या उपचारपद्धतीची तात्त्विक मुळं स्टोइकांकडे जातात असं लिहिलं. एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली. विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठी वाचकांना ती परिचित आहे.

समजा रात्री अकराला साहेबांचा मेसेज आला: ‘उद्या आल्या आल्या भेट.’ पोटात गोळा येतो. तो येणारच, त्यावर स्वतःला दोष द्यायचं कारण नाही. पण पुढच्या दोन सेकंदांत मन ‘नोकरी गेली’ हे वाक्य तयार करतं आणि रात्रभर आपण त्या वाक्याशी झुंजतो, मेसेजशी नाही. एलिस इथे विचारतात, पुरावा काय? आणि समजा गेलीच नोकरी, तर ते वाईट आहे की असह्य आहे? हा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तो खोटा दिलासा देत नाही.

हे सगळं ऐन वेळी जमतं का? 2013मध्ये कँडेस रायो, एलिझाबेथ फेल्प्स आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये हेच तपासलं. चित्र दिसलं की विजेचा सौम्य झटका, अशी सांगड घालून सहभागींच्या मनात भीती बसवली आणि ती विचाराने कशी आवरायची तेही शिकवलं. दुसऱ्या दिवशी काहींना आधी बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवायला लावला. ताण आलेल्या या मंडळींना आदल्या दिवशीचं शिक्षण उपयोगी पडलं नाही, बाकीच्यांना पडलं. एका दिवसाच्या शिकवणीची ही मर्यादा, असा माझा तर्क आहे. रोमन स्टोइक तत्त्वज्ञ सेनेका रागाविषयी लिहिताना रोजचा परिपाठ सांगतो: रात्री दिवा नेला, बायको त्याची सवय ओळखून गप्प झाली, की तो दिवसभरातलं आपलं बोलणं-वागणं तपासून बघायचा. रागावर सगळ्यात मोठं औषध म्हणजे थांबणं, हेही त्याचंच. थांबलं की ताण ओसरायला वेळ मिळतो.

2013मधलंच ॲलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांचं निरीक्षण तर जास्त अडचणीत टाकणारं आहे. ज्यांच्यावरचा ताण त्यांच्या हाताबाहेरचा होता, त्यांच्यात नजर बदलण्याचं कौशल्य असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आढळली. ताण हातातला असेल, तर मात्र याच कौशल्याबरोबर लक्षणं जास्त दिसली. साहेब दर शुक्रवारी संध्याकाळी सोमवारचं काम अंगावर टाकत असतील, तर मन शांत करत बसण्यापेक्षा गुरुवारी त्यांच्याशी बोलणं बरं. एपिक्टेटसच्या छोट्या हस्तपुस्तिकेची सुरुवातच काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, या विभागणीने होते. पुतळ्यांच्या फोटोंखालच्या ओळींमध्ये या विभागणीचा उत्तरार्धच तेवढा फिरतो.