सांध्यात दडलेली पोकळी : पूर्वनिर्मित पुलांच्या तपासणीमागचा इतिहास

यार्डात ओतलेले पुलाचे काँक्रीटचे तुकडे, म्हणजे सेगमेंट, ट्रेलरवरून आणायचे, लाँचिंग गर्डरने (तुकडे उचलून बसवणाऱ्या लांब पोलादी यंत्राने) उचलून एकमेकांना भिडवायचे, आतून पोलादी केबल ओवून ताणायच्या आणि केबलच्या नळ्यांत सिमेंटचं पातळ मिश्रण, म्हणजे ग्राऊट, भरायचं. पुण्यात मेट्रोचं काम पाहिलेल्यांना यातला बराचसा भाग ओळखीचा असेल. सेगमेंट यार्डातच नीट तपासता येतो. ग्राऊट मात्र जागेवर आणि नजरेआड भरलं जातं. नळी कुठे रिकामी राहिली तर तिथे केबल उघडी पडते, आणि पाणी व क्षार पोचले की गंजते.

हा धोका वेल्समध्ये उघडा पडला. पोर्ट टॅलबॉटजवळ अफान नदीवर १९५३ साली छोट्या सेगमेंटचा इनिस-इ-ग्वास पूल बांधला होता. ४ डिसेंबर १९८५ रोजी तो कोसळला, तोही स्वतःच्याच वजनाने. सेगमेंटमधल्या मसाल्याच्या सांध्यांतून बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाचं पाणी झिरपून केबल गंजल्या होत्या. सुदैवाने माणसं वाचली. पण अभियंत्यांची झोप उडवणारी गोष्ट वेगळीच होती: पडण्याआधी पुलाने ना ठळक भेग दाखवली, ना झोल. म्हणजे डोळ्यांनी केलेल्या तपासणीला इथे काही अर्थ उरत नव्हता.

त्यानंतर सातच महिन्यांनी, ५ जुलै १९८६ रोजी, पणजीचा मांडवीवरचा पूल पडला. त्याची रचना वेगळी होती, पण केबलचा गंज तिथेही होता, आणि पूल दोन दशकांचाही नव्हता. ब्रिटनने १९९२ मध्ये ग्राऊट भरलेल्या केबलच्या नव्या पुलांवर थेट बंदी घातली. १९९६ मध्ये ती उठली, पण काँक्रीटच्या आतून नळ्या जाणाऱ्या पूर्वनिर्मित सेगमेंटच्या पुलांवर ती तशीच राहिली. सांध्यावरचा अविश्वास एवढा खोल होता.

मग काँक्रीट न फोडता आत पाहायचं कसं? अल्ट्रासोनिक तपासणी १९४० च्या दशकापासून होती, पण तिच्या साध्या पद्धतीला समोरासमोरच्या दोन्ही बाजू मोकळ्या लागत. रडारच्या लहरी पोलादी नळीवरून परत फिरतात; नळी कुठे आहे ते कळतं, आत काय आहे ते नाही. क्ष-किरणांनी पोकळी दिसते, फ्रान्सने त्यासाठी अवजड यंत्रणाही उभी केली. मात्र किरणोत्सर्गामुळे सगळा परिसर रिकामा करावा लागतो. वाहत्या रस्त्यावर हे किती वेळा परवडणार?

१९८० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत मेरी सॅन्सालोन आणि निकोलस कॅरिनो यांनी ‘इम्पॅक्ट-एको’ ही पद्धत विकसित केली. पोलादाची छोटी गोळी काँक्रीटवर आपटायची आणि आतून परतणाऱ्या कंपनांची वारंवारता मोजायची. कुंभाराकडे मडकं वाजवून घेतात, त्याचंच हे मोजमापाचं रूप. एकाच बाजूने काम भागतं, ही तिची खरी जमेची बाजू. पण नळ्या दाटीने असल्या किंवा पोकळी लहान असली की निकाल संदिग्ध होतो. शिवाय ती पोकळी सांगते, गंज नाही.

फ्लोरिडात तर साध्या हातोडीनेही मोठं काम केलं. १९९९ मध्ये नाइल्स चॅनल पुलाची आणि पुढच्याच वर्षी मिड-बे पुलाची केबल तुटलेली सापडली. ग्राऊटमधलं पाणी सुटून वर चढलं होतं आणि ते गेल्यावर अँकरेजपाशी, म्हणजे केबलचं टोक घट्ट अडकवलेलं असतं तिथे, पोकळी राहिली होती. या केबल काँक्रीटबाहेर, पॉलिथिलीनच्या नळ्यांत होत्या, म्हणून नळीवर ठोकून पोकळ आवाज ओळखता आला. काँक्रीटच्या आतल्या केबलबाबत ही सोय नाही.

आता प्रश्न सळयांच्या जोडणीपर्यंत आला आहे. खांब आणि पायाचे तयार भाग जोडायला ग्राऊट भरलेले धातूचे स्लीव्ह, म्हणजे सळयांची टोकं आत घेणारे नळकांडे, वापरतात. ही अभियंता अल्फ्रेड यी यांची १९६० च्या दशकाच्या अखेरची कल्पना, आणि ती आधी इमारतींत वापरली गेली. पूल झटपट उभारण्याचा आग्रह वाढला तशी ती पुलांतही रुळली. मॅसॅच्युसेट्सने २०११ च्या उन्हाळ्यात दहा शनिवार-रविवारांत चौदा पूल बदलले, ते तयार भागांच्या जोरावरच. वेग वाढला की जोडणीला मिळणारा वेळ आक्रसतो, आणि ओतीव लोखंडाचं जाड स्लीव्ह तपासायला नळीपेक्षाही अवघड. दोन रांगा असल्या तर क्ष-किरणातही एकीची सावली दुसरीवर पडते. म्हणून चीनमध्ये ग्राऊट भरतानाच स्लीव्हमध्ये सेन्सर बसवायचे प्रयोग झाले. शंका उरलीच, तर बारीक भोक पाडून एंडोस्कोप (नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा) आत घालतात. म्हणजे थोडं फोडणं आलंच.