धरणाखालचा हिवाळी हंगाम

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात ग्रीन नदीवर जानेवारीतही ट्राउट माशासाठी गळ टाकणारे हौशी लोक दिसतात. काठावर बर्फ साचलेला असतो आणि पाणी मात्र वाहतं. फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे गळाला किड्याची नक्कल असलेली 'माशी' बांधून केलेल्या मासेमारीच्या, जुन्या रिवाजात हे बसत नाही. गळाच्या मासेमारीवर इंग्लंडात १४९६ साली छापल्या गेलेल्या पुस्तिकेत अशा बारा नकली माश्या बनवण्याची कृती आहे. त्या सगळ्या मार्च ते ऑगस्टच्या, हिवाळ्यासाठी एकही नाही. तपकिरी ट्राउट हिवाळ्याच्या तोंडावर नदीतळाच्या बारीक गोट्यांत अंडी घालतो, म्हणून ब्रिटनमध्ये आजही त्या काळात त्याची मासेमारी बंद असते.

मग हिवाळी हंगाम आला कुठून? काही ओढे जमिनीखालच्या झऱ्यांवर पोसलेले असल्याने मुळातच गोठत नाहीत. पण अमेरिकेच्या पश्चिमेत त्याचं मोठं श्रेय जातं धरणांना. पाणी सर्वात जड असतं ४ अंश सेल्सियसला. त्यामुळे खोल जलाशयाच्या तळाशी बारा महिने थंड, पण न गोठणारं पाणी राहतं. वीजघरातून तेच खाली सोडलं की उन्हाळ्यात तापणारी, गाळाने लाल होणारी नदी एकदम नितळ आणि गार होते. ट्राउटला हेच हवं असतं. न्यू मेक्सिकोत सान हुआन नदीवरचं नवाहो धरण १९६२ मध्ये पूर्ण झालं आणि त्याखाली बारमाही मासेमारी उभी राहिली. ग्रीन नदीवरच्या फ्लेमिंग गॉर्ज धरणाची गोष्ट मात्र जास्त कडवट आहे.

या धरणात पाणी अडवायला सुरुवात व्हायच्या जेमतेम दोन महिने आधी, सप्टेंबर १९६२ मध्ये, युटा आणि वायोमिंगच्या मत्स्य खात्यांनी नदी आणि तिच्या उपनद्यांच्या सुमारे ७०० किलोमीटर पट्ट्यात रोटेनोन ओतलं. वनस्पतींच्या मुळांपासून काढलेल्या या विषाने माशांच्या पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही. नवा जलाशय ट्राउटसाठी 'साफ' करायचा होता. मारायचे मासे खात्याच्या लेखी निरुपयोगी होते. त्यात कोलोरॅडो पाइकमिनोसारखे मूळचे रहिवासीही सापडले, आपल्या रोहू-महसीरच्या लांबच्या नात्यातले, कधीकाळी पुरुषभर लांबीपर्यंत वाढणारे. रॉबर्ट रश मिलर आणि कार्ल हब्ज या मत्स्यतज्ज्ञांनी आधीच विरोध नोंदवला होता, तो कोणी मनावर घेतला नाही. खालच्या बाजूला पोटॅशियम परमँगनेट टाकून विष मारायचं ठरलं होतं. ते पुरतं मेलं नाही आणि डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत शिरलं. ओरड झाल्यावर १९६३ मध्ये केंद्र सरकारच्या जमिनी आणि वन्यजीव सांभाळणाऱ्या 'इंटिरियर' खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी अशा कामांत दुर्मिळ प्रजातींचा आधी विचार व्हावा, असा आदेश काढला. नदीतल्या माशांसाठी तो उशिराच आला. तरी सगळा दोष विषावर टाकणं सोयीचं होईल. थंड विसर्गाने या माशांची वीण जितकी मोडली, तितकी एका फवारणीने मोडली नसती.

विसर्ग खुद्द ट्राउटलाही अतिथंड ठरला. काही वर्षांत त्यांची वाढ खुंटली. अखेर १९७८ मध्ये धरणाच्या तोंडाशी बदल करून उन्हाळ्यात जलाशयाच्या वरच्या थरातलं कोमट पाणी घेण्याची सोय झाली, तेव्हा मासे पुन्हा पोसू लागले.

हिवाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतला हा फरक फारसा नसतो, पाणी ४ अंशांच्या आसपासच राहतं. अशा पाण्यात ट्राउट सुस्त असतो, भक्ष्यामागे धावत नाही. थंडीतही पाण्यातून उडणारी मिज नावाची चिलटं हा त्याचा मुख्य घास. म्हणून गळाला मोहरीच्या दाण्याएवढी नक्कल बांधतात आणि ती तळालगत, प्रवाहाच्याच वेगाने सोडतात. दोरी जरा ओढली गेली तरी मासा तोंड लावत नाही. सकाळी अकराच्या आधी फारसं कोणी उतरत नाही. गळाच्या काठीवर दोरी ओवायच्या कड्यांत बर्फ साचला की काठी नदीत बुडवतात, कारण तेव्हा पाणी हवेपेक्षा उबदार असतं.

२००६ पासून या धरणाचा विसर्ग खालच्या मूळ माशांच्या गरजा धरून ठरवला जातो, विशेषतः वसंतातला पूर. हिवाळ्यात मात्र विजेच्या मागणीप्रमाणे पाणी दिवसाकाठी वरखाली होतं. त्यामुळे नेहमीचे लोक हवामानाच्या जोडीला विसर्गाचं वेळापत्रकही पाहून निघतात.